निजवणं म्हणजे विझवणं नव्हे

९ जानेवारी

भोंग्या,

आशीर्वाद आहेत, तब्येत बरी आहे, थंडी आहे. आता कामाचं.

तुझं पत्र आलं. पहिली दोन पानं माफी, मग जगाचं हवामान, आणि शेवटी कोपऱ्यात, जागा उरली म्हणून, 'आजी, बाबा नीट जेवतात ना?' हे आधी लिहायचं असतं. जेवतो. गप्प बसून जेवतो, पण तसा तो पूर्वीही काही भाषण करत जेवत नव्हता.

मी फोनवर का बोलत नाही, विचारतेस. या दोन खोल्यांत मी शिंकले तरी पलीकडून तो 'औषध घे' म्हणतो, तिथे तुझ्याशी कुजबुज कशी करू? शिवाय फोनवर तू रडतेस. माझा एक कान बाद आहे आणि तुझं रडणं नेमकं त्याच कानात जातं. म्हणून लिहिते. माझी शाळा दुसरीपर्यंत, त्यात निम्मं वर्ष गोवराने खाल्लं. अक्षर लागलं नाही तर मोठ्याने वाच, अर्थ लागेल.

तुझा बाप तुझा फोन उचलत नाही, हे खरं. तुला वाटतं, पॉवर हाऊसचा तिसरा संच बंद करायचं तुम्ही ठरवलंत म्हणून तो रागावला. मलाही तसंच वाटतं. सरळ विचारलं, "लेकीवर रुसलायस का रे?" तर म्हणाला, "माझे बूट कुठे ठेवलेस?" बूट पायात होते.

तू रांगायच्या आधीपासून तो त्या बॉयलरसमोर उभा आहे. तू जन्मलीस तेव्हा पॉवर हाऊसच्या भोंग्याच्या सुरात रडायचीस. शेजारचा एकदा पाळी बदलली समजून डबा घेऊन निघाला, तेव्हापासून तू भोंगा. तोच भोंगा आता मोठ्या शहरात विजेच्या खात्यात बसून सांगतो, कोळसा पुरे झाला. ऐकणाऱ्याला जरा वेळ लागणारच.

मी म्हणत नाही तुझं चुकलं. माझा जन्म त्या चिमणीखाली कपडे धुण्यात गेला. पांढरं कापड वाळत घालायचं तर आधी धूर कुठे वळलाय ते बघायचं, हे आम्ही लेकींना चालायच्या आधी शिकवतो. तुझा आजोबा खोकत गेला. जगाला ताप आलाय म्हणतेस, असेल. पण ज्यांनी पिढ्यान् पिढ्या शेकोटी पेटवून अंग शेकून घेतलं, ते आता आम्हाला सांगतात की धूर होतोय, विझवा. आमचे तर अजून हातही गरम झाले नाहीत.

यावर तू म्हणशील, आजी, वीज कमी होणार नाही, उलट वाढेल. बरं. तुझ्या आईला विचार. तिच्या शर्टाच्या वर्कशॉपात संध्याकाळी वीज गेली की सगळ्या बायका सुई हवेत धरून बसतात. मालक मशीनची दुसरी रांग टाकायला तयार आहे, पण म्हणतो, सूर्य मावळल्यावर मशीन कशावर चालवू, तुमच्या गप्पांवर? आई मला म्हणाली, "सासूबाई, मला वीज कुठून येते त्याच्याशी देणंघेणं नाही. शिवण मध्येच तुटू नये, एवढंच." घरात एक कोळशाचा, एक विजेची, आणि मी धुण्याची. भांडण कुणाच्या बाजूने करावं तेच कळत नाही.

तो का रुसलाय ते मी खोदून काढते. तोवर रोज फोन करू नकोस. तो वाजतो, आम्ही तिघं त्याच्याकडे बघत बसतो, आणि भाजी करपते.

आजी


२१ जानेवारी

भोंग्या,

सापडलं. खाली बसून वाच.

काल पाना आला होता. बापाचा जोडीदार, तुला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडायचा तो. अजून खिशात पाना असतो आणि अजून कुणी मागितला तर देत नाही. मी नाल्यावर होते. तू विसरली असशील तर सांगते, पॉवर हाऊसमधून वापरून सोडलेलं पाणी त्या नाल्याने येतं, कोमट, आणि थंडीत आम्ही चौघी त्यातच सगळ्या पाळ्यांचे गणवेश धुतो. पाना काठावर उभा राहिला, बसेना.

"काकू, तुमच्या नातीने आम्हाला कापलं."

"कशाने?"

"शब्दाने."

"मग रक्त कुठाय? बस खाली, मान दुखते माझी."

बसला, आणि मग बोलला. तू दिवाणखान्यात वाढलेली नाहीस, बॉयलरवाल्याच्या घरात वाढलीस, म्हणून तुला हे कळायला हवं होतं. पण थांब, आधी सगळं सांगते.

पावसाळ्यानंतर तू शाळेच्या हॉलमध्ये सभा घेतलीस. सगळे कामगार आले. तिथे तू म्हणालीस, "येत्या उन्हाळ्यात आपण तिसरा संच निजवणार आहोत." असंच म्हणालीस ना? मी नव्हते, पण सगळे हाच शब्द सांगतात. आणि सगळे हसत घरी आले. पाना त्या दिवशी म्हणाला होता, पोरगी शिकली पण परकी झाली नाही.

अगं, निजवणं म्हणजे काय? तुझा बाप उशिरा आला की तू दारात विचारायचीस, कुठे होतास? तो म्हणायचा, तिसऱ्याला निजवत होतो. म्हणजे दुरुस्तीला घेतला. आग हळूहळू उतरवायची, वाफ सोडायची, नळ्या साफ करायच्या, आणि काम झालं की पुन्हा उठवायचा. पॉवर हाऊसमध्ये निजलेला संच उठतो. उठणार नसेल तर त्याला वेगळा शब्द आहे. पहिले दोन संच मोडीत गेले, ते 'विझवले'. हा शब्द तिथे आवाज उतरवून बोलतात, घरातलं माणूस गेल्यासारखा.

तर तू निजवणार म्हणालीस, आणि त्यांनी ऐकलं: दुरुस्ती. मोठी दुरुस्ती, नवा बॉयलर, आणखी खूप वर्षं. राखेच्या मैदानावर सौर पट्ट्या लागणार, शेजारी बॅटरीचं घर होणार, तिथल्या कामाचं शिक्षण देणार, नावं द्या, असंही तू सांगितलंस. कुणी दिलं नाही. उठणाऱ्या संचाला सोडून पत्र्यांची राखण कोण करणार? एकट्या फाटकावरच्या माणसाने नाव दिलं, आणि तेही सोडत समजून. काय बक्षीस लागलं, म्हणून रोज विचारतो.

गेल्या आठवड्यात मोडीवाले आले. फिती घेऊन तिसऱ्याला मोजायला लागले. भंगाराला मोजतात तसं. तेव्हा लोकांच्या डोक्यात प्रकाश पडला, आणि सगळे वळले तुझ्या बापाकडे. म्हणाले, शब्द तुझ्या घरातला. पोरीला तूच शिकवलास. तुला माहीत होतं. आम्हाला झोपवून तुम्ही बापलेकीने आधीच ठरवलं होतं. आता जेवणाच्या सुट्टीत तो एकटा बसतो. पानाही त्याच्याजवळ बसत नाही, आणि बसत नाही म्हणून पानाच्याच घशाखाली घास उतरत नाही.

मी म्हटलं, "माझ्या पोराने सांगितलं नाही, की मला यातलं काही ठाऊक नव्हतं?"

"नाही बोलला. एक अक्षर नाही."

का नाही बोलला, ते पानाला कळलं नाही, मला कळलं. ठाऊक नव्हतं म्हणाला तर सगळी लबाडी तुझ्या एकटीच्या डोक्यावर येते. गप्प बसला की ती दोघांत वाटली जाते. पण भोंग्या, तुझ्या बाजूने गप्प बसतो म्हणजे तुझ्यावर विश्वास आहे असं नाही. संध्याकाळी मी त्याला धरलंच. भिंतीकडे बघून म्हणाला, "बंद करते म्हणाली असती तर मी भांडलो असतो आणि संपलं असतं. तिने माझा शब्द नेला आणि माझ्याच माणसांना गुंगीच्या औषधासारखा पाजला."

म्हणून विचारते, आणि सरळ उत्तर दे. हवामान नको. तुला माहीत होतं का?

आजी


६ फेब्रुवारी

भोंग्या,

तुझं उत्तर दोनदा वाचलं. माहीत नव्हतं म्हणतेस. तुला वाटायचं, निजवणं हे थांबवण्याचं लाडाचं नाव आहे. म्हणून ते वापरलंस, सरकारी शब्द लोकांना टोचेल म्हणून.

मी विश्वास ठेवते. नात आहेस म्हणून नाही. नातीही खोटं बोलतात आणि तू तर जिन्यावरून पडलेल्या बरणीच्या वेळी डोळे न मिचकावता बोलली होतीस. मी विश्वास ठेवते कारण मी विचार केला. तो निजवून घरी यायचा तेव्हा तू जागी असायचीस. उठवायला जायचा तेव्हा तू शाळेत. तुझ्या कानावर नेहमी अर्धाच शब्द पडला.

आणि सगळा दोष तुझा नाही. त्यांनीही कान टवकारून ऐकलं नाही. मोडीत काढायचं वय झालंय तिसऱ्याचं, हे काय तुझ्या बापाला दिसत नव्हतं? रोज कुठल्या ना कुठल्या नळीला जोड देऊन येतो. तू गोड बोललीस, त्यांनी गोड ऐकलं. दोघांच्या सोयीचं होतं.

आता तुझ्या त्या 'सुधारित सूचने'बद्दल. मुळीच नको. ती तुम्ही सूचनाफलकावर लावणार, आणि त्या फलकावर गेल्या पावसाळ्यात हरवलेल्या छत्रीची चिठ्ठी अजून आहे. लोक तो फलक पाठ टेकायला वापरतात. तोंडाने गेलेला शब्द तोंडानेच परत आणावा लागतो. तू ये. साहेब पाठवू नकोस, गाडीवर कर्णा लावू नकोस. पाळी बदलते तेव्हा तिसऱ्याच्या दाराशी उभी राहा आणि 'विझवणार' म्हण.

टप्प्याटप्प्याने म्हणू नकोस. ऊर्जा संक्रमण तर अजिबात नको, इथे संक्रमण म्हटलं की लोक हात धुवायला जातात. ते विचारतील, किती जणांना काम मिळेल, संध्याकाळी वीज टिकेल का, म्हाताऱ्या माणसाला बॅटरी शिकता येईल का. माहीत असेल ते सांग. माहीत नसेल तर माहीत नाही म्हण. 'कळवते' म्हणालीस तर मी स्वतः मागून ओला सदरा फेकेन.

आणि जमलं तर माझ्या पाण्याचंही बघ. तिसरा विझला की नाला थंड. तुझ्या योजनेत सगळ्या देशाचा विकास आहे, चार बायकांची बोटं नाहीत. मागे तू म्हणालीस, उन्हावर पाणी तापवायची टाकी बसवू. बसव. पण ढग आले की काय करू, ढगाला फुंकर घालू?

तू येणार हे बापाला सांगत नाही. सांगितलं तर नेमका त्याच दिवशी त्याचा दात दुखेल.

आजी


२० फेब्रुवारी

भोंग्या,

मागच्या आठवड्यात तू गाडीत बसून गेलीस तेव्हा खिडकीतून बघत होतीस, बाप कुठे दिसतो का. दिसला नाही. तुला वाटलं, तू बोलत असतानाच तो निघून गेला. तुझ्या आईलाही फोनवर तसंच म्हणालीस म्हणे. म्हणून लिहिते. तू काय बोललीस ते तुला माहीत आहे. मागून काय दिसलं ते माझ्याकडे आहे.

मी धुतलेल्या गणवेशांची टोपली घेऊन शेवटी उभी होते. तू त्या लोखंडी पायरीवर चढलीस आणि आधी दोनदा घसा साफ केलास. मला वाटलं, गेली बया, आता संक्रमण येतंय. मग म्हणालीस, "तिसरा विझवणार आहोत. तो पुन्हा उठणार नाही. मी आधी निजवणार म्हटलं, ते चुकलं. तो शब्द मी घरात ऐकला, पण मला अर्धाच कळला होता. बाबांना यातलं काही माहीत नव्हतं."

कुणीतरी डबा पत्र्यावर आपटला. शिव्या दोन-तीन पडल्या, त्या तू ऐकल्यास. पण पुढच्यांनी मान खाली घातली ती तुला पायरीवरून शरमेसारखी दिसली असेल. तसं नव्हतं. विझवणार म्हटलं की तिथे मान खाली जाते.

पानाने विचारलं, "मग आमचं सगळ्यांचं होणार का त्या बॅटरीच्या घरात?" तू म्हणालीस, "सगळ्यांचं नाही." तेवढ्यात तुझा बाप वळला आणि मागच्या बाजूने गेला.

मी गेले त्याच्या मागे. तो नळावर तोंड धूत होता. धुऊन झालं, पुसलं, आणि पुन्हा धुवायला लागला.

मला बघून म्हणाला, "आज टोपली कशाला आणलीस? आज कपड्यांचा वार नाही."

"तुझी लेक बोलतेय तिकडे."

"ऐकलं."

"काय ऐकलंस?"

"आवाज बसलाय तिचा. सर्दी झाली असेल. तिथे खिडकी उघडी टाकून झोपत असणार."

इतकंच बोलला. पण तो नळ बंद करायला त्याला दोन्ही हात लागले.

त्या दिवसापासून बॅटरीच्या शिक्षणासाठी नावं पडायला लागली. पानाने पहिलं दिलं, आणि वर कारकुनाला म्हणाला, "लिही, पण आनंदाने देत नाहीये हेही लिही." कारकून म्हणाला तसा रकाना नाही. जेवणाच्या सुट्टीत पाना पुन्हा तुझ्या बापाशेजारी बसतो. माफी वगैरे कुणी मागितली नाही. स्वतःच्या डब्यातलं त्याच्या डब्यात टाकलं आणि म्हणाला, "हे मला आवडत नाही, खा."

बापाने मात्र नाव दिलेलं नाही. जागा थोड्या आहेत आणि त्याचं वय वाढतंय. मी म्हटलं, "जा की रे." तर म्हणतो, "मी गेलो तर म्हणतील, लेकीने बापासाठी जागा धरून ठेवली." तुला बट्टा लागू नये म्हणून हा घरी बसायला निघालाय. तुझ्याशी बोलायचं नाही, पण तुझ्यासाठी बेकार व्हायचं, अशी याची बुद्धी. कुणावर गेलाय विचारू नकोस, मी नाही अशी.

तुझा घसा कसा आहे? मी विचारत नाहीये, असंच.

आजी


८ मे

भोंग्या,

तिसरा विझला. तुम्हाला आकडे गेले असतील. मी आकड्यांपलीकडचं सांगते.

आग उतरली तेव्हा सगळे होते, रजेवरचेही. कुणी हार-तुरे आणले नाहीत, बरं झालं. गिरणी थांबल्यावर वाटतं तसं कान सुन्न झाले. मग लोक पांगले. तुझा बाप थांबला. ते मोठं चक्र आहे ना आत, वाफेने फिरणारं, त्याचा दांडा तापलेला असतो. गरम असताना एकदम थांबवला तर स्वतःच्या वजनाने वाकतो. म्हणून गार होईपर्यंत तो अगदी हळू फिरवत ठेवतात. मोडीवाल्यांचा माणूस म्हणाला, "दादा, कशाला वीज घालवता? वितळायलाच जायचाय तो."

तुझा बाप म्हणाला, "जाईल. सरळ जाईल."

आणि काही दिवस पाळीपाळीने सगळ्यांनी तो फिरवत ठेवला. पानाही. मोडीवाला डोक्याला हात लावून चहा पीत बसायचा.

नाला थंड झाला. तुझी टाकी आली आहे, ऊन असलं की पाणी चटके देतं, ढग आला की आम्ही चौघी तुझ्या नावाने बोटं मोडतो, त्यानेही जरा ऊब येते. चिमणीला धूर नाही. परवा मी वाऱ्याकडे न बघता चादरी वाळत घातल्या. घातल्यावर लक्षात आलं. जरा वेळ तिथेच उभी राहिले, बाकी काही नाही.

बॅटरीच्या घराची चाचणी झाली. पहिल्या संध्याकाळी वर्कशॉपातली मशीनं मध्येच थांबली आणि बायकांनी तुला बरंच काही बोलून घेतलं. तुझ्या आईनेही, ती पहिली. दुसऱ्या संध्याकाळपासून थांबलेली नाहीत. मालक दुसऱ्या रांगेसाठी फरशी मोजतोय. त्याने मोजलं म्हणजे टाकलीच असं नाही, पण आधी मोजतही नव्हता.

आता खरं. तुझ्या बापाने नाव दिलं. ज्यांना द्यायचं होतं त्या सगळ्यांचं देऊन झालं, तेव्हा कारकुनाला विचारलं, "आणखी कुणी आहे? नक्की नाही?" मग दिलं. शेवटची जागा मिळाली. आता त्याच्याकडे बोट दाखवायला कुणी उरलं नाही, पाना सोडून, आणि पाना म्हणाला, "उशीर केलास, शेजारचा बाक मी दुसऱ्याला देणार होतो."

शिक्षण तुझ्या शहरात आहे, दोन महिने. रविवारी सकाळच्या बसने निघतो. मी विचारलं, "राहणार कुठे?" म्हणाला, "शिकणाऱ्यांची सोय केलीय म्हणे." मी विचारलं, "लेकीला कळवू?" म्हणाला, "काही नको." म्हणून मी कळवत नाहीये. हे पत्र तुझ्या नळाबद्दल आहे.

मागच्या आठवड्यात तू आईला फोनवर सांगत होतीस, की खोलीतला नळ गळतो आणि घरमालक लक्ष देत नाही. तेव्हा तो पलीकडे वर्तमानपत्र वाचत होता. वर्तमानपत्र उलटं नव्हतं, पण पान बराच वेळ तेच होतं. आज त्याची बॅग मी भरायला घेतली, तर तळाशी कागदात गुंडाळलेले वॉशर. चार मापांचे. तुझा नळ कुठल्या मापाचा ते माहीत नाही, म्हणून चारही. आणि पानाचा पाना. तो त्याने कसा सोडला देव जाणे.

तर रविवारी दुपारी दार वाजेल. उघडशील तेव्हा रडू नकोस, त्याला काय करावं कळत नाही. शब्दाचं काढू नकोस. तब्येत विचारू नकोस, तुझ्या घशाचं तो स्वतः काढेल. आत येऊन इकडे तिकडे बघेल आणि म्हणेल, "पाणी कुठून बंद होतं?" ते दाखव आणि बाजूला सरक. वेळ लागू दे. वाकून काम करताना माणूस बोलतो, समोरासमोर बसून तो कधी बोललेला नाही.

आणि नळ मध्यंतरी कुणाकडून दुरुस्त करून घेतला असशील, तर शनिवारी पुन्हा बिघडव.

आजी